घामट हात

प्रयोगशाळेत मला सगळे घामट म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

कारण माझं रसायन. कॅन्सरच्या पेशीला वाढायचा हुकूम पोचवणारा एक आरएनए असतो. माझ्या रसायनाने त्याला धरून अडवायचं होतं. पाच वर्षं मी त्यासाठी खपले. पण रसायन घातलं की नळीतला आरएनए गायबच व्हायचा. बोटांच्या घामानेही आरएनएचा भुगा होतो, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी निकाल लावून टाकला होता: तुझी बाटली तुझ्याच हातांनी खराब झालीय. मी तीनदा नव्याने रसायन बनवलं, हातमोज्यांवर हातमोजे चढवले. फरक शून्य. घरी दादा म्हणाला, सोड आता, शाळेत शिकव. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी सरांनी रसायन बाद केलं. शुक्रवारी चारपर्यंत टेबल रिकामं करायचं होतं. मी हट्टाने शेवटची तपासणी लावलीच. जेलीच्या पातळ लादीत वीज सोडली की आरएनए खाली सरकतो, लहान तुकडे आधी. दोन तास लागतात. तासाभरातच माझ्या जागी आलेली बाई खोकी घेऊन हजर. खोकं टेकवायला तिने माझी वही बाजूला सारली आणि माझं डोकं फिरलं. रागाने विजेचं बटण अर्ध्यातच बंद केलं. लादी फेकण्याआधी सवयीने दिव्याखाली धरली.

दोन पट्टे. ठसठशीत.

घामाचं काम असतं तर नुसता पुसट डाग दिसला असता. हा आरएनए बरोबर एकाच जागी तुटला होता. इतकी वर्षं दोन तास वीज चालवून मीच ते तुकडे लादीच्या खालून घालवत होते. माझं रसायन आरएनएला अडवत नव्हतं, कापत होतं. मला रडू आलं आणि हसूही.

सरांनी वेगळे आरएनए घालून पुन्हा करायला लावलं. त्या आरएनएंना ओरखडाही नाही; रसायन फक्त कॅन्सरचाच आरएनए कापत होतं. महिन्याभराने पेशींवरचा निकाल आला: कॅन्सरच्या पेशी मेल्या, निरोगी पेशी मजेत.

सगळ्यांसमोर सरांनी आपले हातमोजे काढले आणि हात पुढे केला. मी मागे सरले.

"सर, माझे हात घामेजलेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आण इकडे."