बाटली आणि टॉवेल सांभाळणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे. बावीस वर्षांत माझ्यावर एकदाच कुणी बसलं, तेही जेमतेम दोन मिनिटं.

कारखान्यातून आम्ही चाळीस जणी एका कॉलेजात आलो. बाकीच्या सभागृहात गेल्या आणि भाषणं ऐकून ऐकून कुरकुरायला लागल्या. मला मात्र बास्केटबॉल शिकवणाऱ्या मॅडमनी उचललं आणि थेट मैदानात उभं केलं. "मुलींनो, ही विरोधी संघाची खेळाडू. हिला चुकवून पुढं जायचं." मला कोण आनंद झाला! तेव्हापासून चेंडूला टप्पे देत मुली माझ्या बाजूनं सुसाट जायच्या. मी एकीलाही अडवू शकले नाही. मॅडमच्या संघानं नऊ करंडक जिंकले. त्यांतला एखादा तरी माझा, असं मी मनाशी धरून चालते.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. सामन्याच्या दिवशी मॅडम मला कडेला मांडायच्या, पण बसायच्या नाहीत. नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. माझ्या वाट्याला पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल. मी टोचते का? डुगडुगते का? मुली म्हणायच्या, "मॅडमना भीती कशी ती ठाऊकच नाही."

मग मॅडमच्या निवृत्तीआधीचा अंतिम सामना आला. मध्यंतराला आमचा संघ अकरा गुणांनी मागं होता. आमची प्रत्येक मुलगी ठरावीक जागी उजवीकडे वळायची आणि समोरची तिथं आधीच हजर! त्यांनी आमचे जुने सामने पाहून हे हेरलं होतं. दोष माझा होता. सरावात मी रोज त्याच जागी असायचे आणि मुली मला उजवीकडूनच चुकवायच्या; मैदानाच्या फरशीवर माझ्या पायांचे चार डाग पडले होते.

मध्यंतरात मॅडम मला घेऊन मुलींच्या खोलीत आल्या. "चूक तुमची नाही, माझी. मी तुम्हाला खुर्ची चुकवायला शिकवलं, माणूस नाही." त्यांनी मला पायानं इकडे तिकडे सरकवून दाखवलं. "आधी बघा, मग वळा."

"तुम्ही बाहेरून सांगाल ना?" कॅप्टननं घाबरून विचारलं.

"नाही. आज तुम्हीच ठरवायचं."

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. कॅप्टननं सवयीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी बाटली खाली ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्या माझ्यावर बसल्या.

मित्रांनो, त्या लटलट कापत होत्या. बावीस वर्षं हा थरकाप त्यांनी येरझाऱ्यांत लपवला होता. मला भरून आलं. मी चारही पाय घट्ट रोवले. तिकडे शेवटच्या क्षणी कॅप्टन थांबली, तिनं नीट पाहिलं, डावीकडे वळली आणि चेंडू जाळीतून खाली आला. दहावा करंडक!

आता मी सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून असते. अंगावर गंज चढलाय. मला रंग लावा असं मी म्हणत नाही. पण तुमच्यासाठी कुणी सतत उभं असेल, तर त्यांना एकदा विचारा, "जरा बसता का?" ते नको म्हणतील. तरी खुर्ची पुढं सरकवा.