घरच्या कपड्यांचं वजन

माझी लॉन्ड्री आहे. गिऱ्हाइकाचे कपडे किलोवर घेतो, घरचे न मोजता. माझी धाकटी बहीण लांब पल्ल्याची धावपटू. लहानपणापासून तुरुतुरु पळते म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. तिचे घामट कपडे रोज बादलीतून येतात आणि मी नाक मुरडत मशीनमध्ये टाकतो.

गेले तीन महिने पळण्याआधी आणि नंतर ती वजन करून वहीत लिहायची. जेवढं घटलं तेवढा घाम, त्या अंदाजाने पाणी प्यायचं, असं प्रशिक्षकांनी शिकवलेलं. हिचं जेमतेम अर्धा किलो घटायचं. म्हणून ती बेतानेच पाणी प्यायची आणि शेवटच्या फेरीत लटपटायची. पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. "दम नाही हिच्यात," असं म्हणून प्रशिक्षकांनी रविवारच्या शर्यतीत शेवटची संधी दिली. पहिल्या तिघींत आली नाही तर संघातून बाहेर.

मीही काही कमी नाही. "वहीलाच पळव, तू घरी बस," असं येताजाता टोचायचो.

"सकाळी लघवी गडद पिवळी होते रे दादा," ती एकदा म्हणाली. "पण वहीत तर सगळं ठीक दिसतंय."

"मग वहीचंच ऐक," म्हणून मी कामाला लागलो.

शुक्रवारी मोठं मशीन बंद पडलं. लहान्यात सात किलोच्या वर घालता येत नाही, म्हणून तिचेही कपडे काट्यावर टाकावे लागले. टी-शर्ट, चड्डी, मोजे मिळून जवळजवळ एक किलो. वाळल्यावर तेच तीनशे ग्रॅम भरले.

तिला बोलावलं. "पळून आल्यावर वजन कशात करतेस?"

"अंगावर असतात त्यातच. का?"

"अगं बाई, मग गेलेला घाम अंगावर घेऊनच काट्यावर चढतेस की."

शनिवारी तिने दोन्ही वेळा अंग कोरडं करून, नुसता कोरडा टॉवेल गुंडाळून वजन केलं. सव्वा किलो घटलं होतं. त्या दिवशी ती थोडं थोडं करत दिवसभर पाणी पीत राहिली.

मला माझीच लाज वाटली. ओल्या कपड्यात किती पाणी मुरतं, हे घरात फक्त मला ठाऊक. आणि तीन महिने ते कपडे माझ्याच हातातून जात होते.

रविवारी शेवटच्या फेरीत तिचे पाय सरळ पडले. ती तिसरी आली.

संध्याकाळी तिने बादली आणि वही काउंटरवर ठेवली. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना थांबवून मी आधी तिचे कपडे मोजले आणि तिच्या वहीत आकडा लिहिला.