न पाहता लिहिलेलं ‘नाही’

तांब्याची खाण सुरू होण्याआधी त्या जमिनीवर जुन्या वस्तीच्या खुणा आहेत का, हे पायी फिरून तपासायचं आणि तसा अहवाल द्यायचा, हे पाहणी अधिकाऱ्यांचं काम. पण गेली दोन वर्षं ते हे काम खुर्चीत बसूनच उरकत होते. मागच्या अहवालातली पानं घ्यायची, जागा बदलायची, शेवटी ‘काही आढळले नाही’ असं लिहून सही ठोकायची. त्यात त्यांना गैर वाटत नव्हतं. सगळी कचेरीच पाट्या टाकत होती. त्यांनी एकट्यानं का उन्हात पाय झिजवावेत?

एका सोमवारी सकाळी नकाशे काढणाऱ्या बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या या बाईंना सगळे नकाशाताई म्हणत.

“साहेब, नव्या खाणीच्या टेकडीच्या उत्तरेला ओढा आहे असं लिहिलंयत तुम्ही. तिथे ओढा नाहीच.”

“मागच्या अहवालातून आला असेल. काढून टाका.”

“ओढा काढते हो. पण मग हे ‘काही आढळले नाही’ कुठून आलं?”

अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ताई, नुसते दगड आणि काटे आहेत तिथे. कोण कशाला राहिलं असेल?”

“मागे तुम्ही अहवाल दिलात, त्या दक्षिणेच्या खाणीच्या जागी काय होतं?”

“काही नव्हतं.”

“तुम्ही बघितलं होतं?”

त्यांनी समोरची फाईल मिटली. ताईंनी आवाज चढवला नाही.

“तिथे आता दोनशे फूट खड्डा आहे. काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. खाण नको असं मी म्हणत नाही, माझ्या घरातही तांब्याच्या तारा आहेत. पण खणायच्या आधी बघायला नको? आपल्या आधी इथे कोण राहिलं, कसं राहिलं, हे मातीत एकदाच लिहिलेलं असतं. ते न वाचताच आपण पान फाडतो. आणि वर सांगतो, पान कोरंच होतं!”

“अहवाल शुक्रवारी द्यायचाय,” ते पुटपुटले.

“आज सोमवार आहे,” ताई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी अधिकाऱ्यांनी घराचं कुलूप उघडलं, ब्रेड भाजला, आवाज हवा म्हणून टीव्ही लावला. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेली त्याच महिन्यात त्यांनी तिचं कपाट, दार उघडूनही न बघता, जुनं सामान नेणाऱ्याच्या टेम्पोत चढवलं होतं. बघण्याची हिंमतच झाली नव्हती. परगावी राहणाऱ्या मुलीनं फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाले होते, “काही नव्हतं गं त्यात.”

तुम्ही बघितलं होतं? ताईंचा प्रश्न पुन्हा कानात वाजला. त्यांनी टीव्ही बंद केला.

मंगळवारी ते टेकडीवर गेले. वीस-वीस पावलांवर ओळी आखायच्या आणि मान खाली घालून चालायचं. दोन दिवस पँटला कुसळं लागली, मान अवघडली, हाती काहीच लागलं नाही. “बघ, काही नाही,” असं ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कोणीच नव्हतं.

गुरुवारी दुपारी, पश्चिम उतारावरच्या एका वारुळाच्या मातीत त्यांना खापराचा तुकडा दिसला. मग दुसरा. पुढे जळक्या मातीची गोल कडी; चुलीच त्या! एक, दोन, पाच! आणि त्यांच्या मधोमध एक सपाट शिळा. तिच्यावर धान्य रगडून झिजलेले दोन खळगे होते, समोरासमोर. दोन माणसं इथे रोज एकमेकांकडे तोंड करून बसत असणार, काम करता करता बोलत असणार.

ते शिळेच्या एका बाजूला बसले. समोरची जागा मोकळी होती. बराच वेळ ते तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

“बेटा, आईचं कपाट मी उघडलंच नव्हतं. न बघता देऊन टाकलं. तुझ्याशी खोटं बोललो मी.”

“मला तिची एखादी तरी वस्तू हवी होती, बाबा,” ती म्हणाली. “आता कुठे आहात?”

“एका टेकडीवर. पाहणी करतोय.”

“मग तिथलं तरी नीट बघून या.”

शुक्रवारी नवा अहवाल वाचून मोठे साहेब उसळले. “अहो, यंत्रं येऊन उभी आहेत! चार खापरांसाठी खाण अडवायची?”

“अडवायची नाही, साहेब. खोदाई पूर्वेकडून सुरू करू. तोवर पश्चिम उतार जाणकारांना नीट उकरून नोंदवू द्या. आणि हा दुसरा कागद. दक्षिणेच्या जागेवर मी पाऊलही टाकलं नव्हतं. तो अहवाल खोटा होता.”

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “याचे परिणाम भोगावे लागतील तुम्हाला.”

“माहीत आहे.”

परिणाम झालेच. बढती गेली. सहकाऱ्यांना वाटलं, हा आता आपल्यालाही उघडं पाडणार. चहाला त्यांना कोणी हाक मारीना. पण पश्चिम उतारावर जाणकार आले आणि चार महिन्यांत सोळा घरांच्या चोपलेल्या जमिनी, जळके दाणे, मण्यांची एक माळ उजेडात आली. ते सारं स्वतः पाहून आल्यावर मोठ्या साहेबांनी नियमच केला: चाललेल्या ओळींचा नकाशा जोडल्याशिवाय एकही अहवाल स्वीकारायचा नाही.

पुढच्या पाहणीला अधिकारी पुन्हा एकटेच निघाले. बरोबर कोणी आलं नाही. त्यांनी दोरी ताणली, पहिली ओळ आखली आणि चालायला लागले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर असा एखादा कागद येतो. जमीन ताब्यात आली म्हणून तिच्यावर आधी जगून गेलेली माणसं आपल्या मालकीची होत नाहीत. त्यांच्या खुणा पुसण्याआधी एकदा तरी वाकून बघणं, एवढं आपल्या हातात आहे. जे आपण पाहिलंच नाही, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?