नाकोबांचा भात

"डोळे फसतात, कान फसतात, जीभ तर उघडउघड लाच खाते. पण नाक? नाक म्हणजे देवाने नेमलेला न्यायाधीश!" असं अत्तराच्या कारखान्यात जाहीर करून नाकोबांनी लगेच विचारलं, "एवढ्या सकाळी भात कुणी टाकला?"

कुणीच टाकला नव्हता. शेजारच्या स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "गॅस अजून पेटलेला नाही. न्यायाधीशांना म्हणावं, आधी चहा घ्या."

नाकोबांचं धाबं दणाणलं. ज्या दिवशी नाक चुकेल त्या दिवशी अत्तरं जुळवायचं टेबल सुनेला देईन, असं त्यांनीच मिशीला पीळ देऊन सांगितलं होतं. सून समोरच होती.

"तुला येतोय ना गं वास?"

"बाबा, मला सर्दी झालीय. आईंना विचारा."

"मला नका विचारू," आतून आवाज आला. "यांच्याशी लग्न झाल्यापासून माझं नाक संपावर आहे."

नाकोबांनी डोळे मिटून बाटल्या हुंगल्या. गुलाब तो गुलाब, वाळा तो वाळा. शेवटी जवादीची डबी उघडली. जवादी म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीतला लगदा. नुसता हुंगला तर माणूस उठून जाईल, पण अत्तरात कणभर पडला की वास टिकून राहतो. तोही बरोबर ओळखला. आणि त्याच्याही वर, वाफाळता, सुवासिक भात! बाकी सगळ्याला बरोबर असलेलं नाक भातालाच कसं चुकतंय? की आजवर सगळंच चुकत होतं, नि कुणी बोललं नाही?

"घे बाई, टेबल तुझं," म्हणत ते उठले.

सून वर बघत होती. माळ्याच्या फटीतून एक लांब शेपूट लोंबत होतं.

"बाबा, तुमचा भात वर झोपलाय."

प्राणी पकडणाऱ्या बाईंनी त्याला पिंजऱ्यात घेतलं. "उदमांजर आहे, जवादी मांजराच्याच कुळातलं. याच्या अंगाला शिजलेल्या भातासारखाच वास येतो."

जन्मभर जवादी वापरलेल्या नाकोबांनी त्या कुळातलं जिवंत जनावर पहिल्यांदाच पाहिलं. "म्हणजे डबीतल्याचं हे चुलत भावंड? मग त्याचा वास तसला नि याचा असला?"

"घराण्यात असतंच," बायको म्हणाली. "तुमचे भाऊ नाहीत का अगदी देवमाणूस!"

टेबल परत मिळालं. नाकोबा छाती काढून बसले, आणि दुपारी पुन्हा तोच वास! ते टॉर्च घेऊन शिडीवर चढले. "आणखी एक आहे! सगळे बाहेर व्हा! हे नाक चुकायचं नाही!"

"अहो," अंगणातून बायकोचा आवाज आला, "मी कपडे वाळत घालतेय. उतरलात की तेवढा भाताखालचा गॅस बंद करा ना."