आत कुणीतरी आहे

उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशातल्या कोर्पीपेरा गावात ग्रंथालयाची बस पंधरवड्यातून एकदा, मंगळवारी येते आणि हेल्वीबाईंच्या अंगणाबाहेर पाऊण तास थांबते. त्या दिवशी हेल्वीबाई सकाळीच सौना, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली, तापवायला घेतात. पुस्तकं आणायला कुणी न्हाऊनमाखून जात नाही, हे त्यांनाही कळतं. पण बस चालवतो तौनो, पुस्तकंही तोच देतो, आणि तौनोपुढे पारोशानं जाणं त्यांना पटत नाही. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि तौनो त्यांना आवडतो. सांगायची घाई कधी वाटली नाही, कारण बस येतच होती.

आता मात्र पालिकेला शंका आली होती, की कोर्पीपेरात वाचतं तरी कोण? म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बसबरोबर मिर्का नावाची तपासनीस आली. तिच्या हातात माणसं मोजायचं टिकटिक वाजणारं यंत्र होतं. माणसं आली तर थांबा राहणार, नाही आली तर बंद. गावाला हे ठाऊक होतं, आणि गाव जय्यत तयारीत होतं. बूट चढवून, वाचून झालेली पुस्तकं पिशवीत भरून जो तो आपापल्या खिडकीत उभा होता.

आणि गेलं कुणीच नाही.

कारण बसमध्ये मिर्का बसलेली दिसत होती. कोर्पीपेरात एक माणूस आत असताना दुसऱ्यानं शिरायचं नसतं. ज्याला त्याला निवांतपणे पुस्तक निवडू द्यायचं, ही तिथली रीत. शेजारचा ओस्मो तर एकदा टपालपेटीशी कुणी उभं आहे म्हणून तासभर गोठ्यात थांबून राहिला होता, आणि पेटीशी उभी होती त्याची सख्खी बहीण.

हेल्वीबाईंचा फोन वाजला. बसच्या मागच्या टोकाला जाऊन तौनो कुजबुजत होता.

"हेल्वी, कुठे आहात सगळे?"

"खिडकीत."

"मग या ना."

"आत कुणीतरी आहे."

"अगं, ती मोजायला आलीय."

"असेल. पण आहे ना आत?"

तौनोही शेजारच्याच गावचा, रीत त्यालाही ठाऊक होती. "तिला बाहेर तरी काढ," तो शेवटी म्हणाला.

"तू काढ की."

"पाहुणीला ऊठ म्हणू? काहीतरीच तुझं."

हेल्वीबाईंनी फोन ठेवला. बस गेली की तौनो गेला. त्याला चहाला बोलवायचं तर कारण काय सांगणार? त्यांनी नवऱ्याचा जुना कोट चढवला, बसच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पायरीवर पाऊल न टाकता म्हणाल्या, "सौना तापलाय."

एवढं म्हटल्यावर त्या देशात कुणी नाही म्हणत नाही. मिर्कानं यंत्राकडे पाहिलं. शून्य. तिनं ते सीटवर ठेवलं आणि निघाली.

वरच्या फळीवर दोघी घाम गाळत बसल्या. हेल्वीबाईंनी तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं, वाफ उसळली आणि मिर्काची जीभ सैल झाली.

"वाईट वाटतं हो. थांबा बंद करायला मला तरी कुठे आवडतं?"

"मग करू नका."

"पण माणसं नकोत का?"

"जरा बाहेर गार होऊ या," हेल्वीबाई म्हणाल्या.

अंगाला टॉवेल गुंडाळून दोघी पायरीवर आल्या, आणि मिर्का बघतच राहिली. बसच्या दारापासून तळ्याच्या वळणापर्यंत अख्खं गाव रांगेत उभं होतं. मुकाट्यानं, दोघांमध्ये एकेक म्हैस मावेल एवढं अंतर सोडून. ओस्मो शेवटचा, आणि इतका मागे की तो दुसऱ्याच गावचा वाटावा.

"हे सगळे होते कुठे?"

"घरी. तुम्ही आत होतात ना."

मिर्कानं कपाळावर हात मारला. "आणि माझं यंत्र बसमध्येच राहिलं." खुंटीवरचा हेल्वीबाईंचा फुलाफुलांचा झगा तिनं अंगावर ओढला, त्यांचेच लोकरी बूट पायात सरकवले आणि तरातरा बसपर्यंत गेली. दाराशी मात्र थबकली. आत एक आजोबा एकेक पुस्तक काढून सावकाश चाळत होते. मिर्का मागे वळली, सगळी रांग ओलांडत गेली आणि ओस्मोच्या मागे बेताचं अंतर सोडून उभी राहिली.

हेल्वीबाई कोट चढवून तिच्यामागे धावल्या. "अहो, तुमचं सरकारी काम आहे. जा की पुढे."

"असं कसं? आत कुणीतरी आहे."

तिचे ओले केस गोठून काड्यांसारखे उभे राहिले होते. रांग पावलाभरानं पुढे सरकली. "पाऊण तासात हे आटपणार कसं?" ती दात वाजवत म्हणाली. "इथला थांबा दोन तासांचा हवा. उद्याच लिहिते मी."

हेल्वीबाईंचा जीव भांड्यात पडला. बसची वेळ केव्हाच संपली होती, पण तौनो इंजिन सुरू करायचं नाव घेत नव्हता. त्या मिर्काच्या मागे, रीतसर अंतर सोडून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. म्हणजे एकदा आत गेल्यावर कुणासाठी लगबगीनं बाहेर पडायला नको. तौनोला काय सांगायचं ते हेल्वीबाई मनाशी जुळवू लागल्या. न्हाणं तर झालंच होतं.