टोपीत दडलेलं काय

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लुकलुकत्या दिव्यांची टोपी काढत मंचावरचा माणूस म्हणाला, "वीस वर्षांची सिगरेट वीस मिनिटांत सुटली. आता नावही नको." टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपीवाले डॉक्टर, कसले ते कुणी विचारलं नव्हतं, समजावत होते की मेंदूत तलफेची गाठ असते आणि आमच्या चुंबकलहरी ती अलगद सोडवतात. वर चघळायला शीतलगोळ्या, एक आत्ता, एक घरी.

रांगेत विजेच्या मोटारी रिवाइंड करणारा, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणारा, एक कारागीर चुळबुळत होता. त्याच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी चोंदली होती. सिगरेट महिनाभर बंद ठेवली तरच शस्त्रक्रिया, नाहीतर पाय जाईल, असं सर्जनने बजावलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून तो आला होता.

पहिली गोळी तोंडात गेली, टोपी डोक्यावर चढली, गुरगुरली. सवयीने त्याचा हात खिशातल्या करवतीच्या पात्याच्या तुकड्याकडे गेला. वीज चालू असलेल्या तारेच्या कॉइलजवळ धरलं की पातं थरथरतं, हीच त्याच्या धंद्यातली परीक्षा. टोपीजवळ ते ढिम्म हललं नाही. तरी तलफ मात्र गेली होती. त्याला काही उमजेना.

संध्याकाळी त्याने दोन सिगरेटी ओढल्या आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. दुसरी गोळी लेकीपुढे ठेवली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. "बाबा, गोळीवरचा शिक्का घासून काढलाय, पण ही आमच्याकडचीच निकोटिनची गोळी आहे," ती म्हणाली. "तलफ हिने दबली होती, टोपीने नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने भर हॉलमध्ये पातं दाखवून जाब विचारला. लहरी सूक्ष्म आहेत, लोखंडाला कळत नाहीत, असं डॉक्टर पुटपुटले. त्याने सरळ टोपीच उसवली. आत खेळण्यातली मोटार, दिवे आणि दोन सेल. तेवढ्यात मंचावरचा कालचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "मी रात्रीच ओढली. वाटलं, माझाच विश्वास कमी पडला."

अशी कबुली मग पंधरा जणांनी दिली. त्यांना फसवलं टोपीने, आणि लाजत होते तेच!

घरी लेकीने समजावलं की चुंबकाचं खरं यंत्र असतं, पण ते मोठ्या इस्पितळात, अनेक बैठकांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. गोळीही कामाची आहे, पण डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या मापाने. कारागिराने तिथल्या तिथे आपल्या सर्जनकडे फोन लावून भेटीची वेळ घेतली.

तेव्हा मंडळी, टोपी कुणाचीही असो, आधी विचारा: आत काय आहे, आणि वर्षभरानंतर किती जणांची सिगरेट सुटलेली राहिली? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. न विचारल्याने पाय जातो.