चिठ्ठीखालची खळ

सगुणाबाईंनी सातही चिठ्ठ्या पद्मजाताईंच्या टेबलावर एकीशेजारी एक ठेवल्या आणि खुर्ची ओढून टेबलाला अगदी खेटून बसल्या.

"जरा लांब बस की आये. ताईंना हात तरी हलवू दे," मुलगा गोरख म्हणाला.

"तू जा तुझा बाजार करून ये. म्या हितनं हलायची न्हाई."

"दुकानात लॅमिनेशन धा मिन्टात झालं असतं."

"प्लास्टिकात कोंबू व्हय रं बापाला?"

गोरख हसत बाहेर पडला. पद्मजाताईही हसल्या. भोरच्या वाचनालयात तीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं सांधली होती. निवृत्तीनंतर कोलाज करायचा नाद लागला. लोक लग्नपत्रिका, जुने फोटो आणून देत आणि त्या ते जुळवून, चिकटवून चौकटीत बसवून देत. असं काम मात्र कधी आलं नव्हतं. सगुणाबाईंचे मालक रखमाजी गेल्या वर्षी वारले. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, म्हणून शेवटचे चार महिने ते बायकोशी चिठ्ठ्या लिहूनच बोलत. सगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सून वाचून दाखवायची आणि मग चिठ्ठी चुलीत जायची. त्यातून या सात उरल्या होत्या. परवा वर्षश्राद्ध. त्याला रखमाजींचा फोटो, त्यांची एसटीची तिकिटं आणि या चिठ्ठ्या मिळून एक चित्र भिंतीवर लागायला हवं होतं.

जाड पुठ्ठ्यावर फोटो आणि तिकिटं सकाळीच पांढऱ्या गोंदाने बसली होती. चिठ्ठ्यांना तो गोंद चालणार नव्हता. एकदा वाळला की जन्मभर सुटत नाही, आणि वहीचा हा पातळ कागद त्याने कडक होतो. कांडीचा गोंद घासताना कागदच फाटला असता. रबरी सोल्यूशनने पाच-सहा वर्षांत पिवळे डाग पडतात. म्हणून त्यांनी मैद्याची खळ शिजवली होती, गाळून, पातळ केलेली. पुढे कधी काढावंसं वाटलं तर ओल्या फडक्याने निघेल. तिकिटांची शाई त्यांनी सगुणाबाईंच्या देखतच ओल्या कापसाने कोपऱ्यात तपासून घेतली होती. चिठ्ठ्या तपासल्या नाहीत. त्या पेन्सिलीने लिहिलेल्या, आणि पेन्सिल कुठे पसरते?

पहिली चिठ्ठी त्यांनी पालथी घातली. ब्रश मधून कडेला, मधून कडेला फिरवला. कागद ओल पिऊन फुलावा म्हणून मिनिटभर थांबल्या, मग सुलटी करून जागेवर टेकवली आणि वर कोरडा कागद ठेवून तळहाताने दाबली.

वरचा कागद उचलला आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

करडी अक्षरं जांभळी झाली होती. नुसती जांभळी नाही, फुटत होती. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आजूबाजूला रंग सोडत होती.

उचलावी? ओला कागद, हातात तुकडेच येतील. राहू द्यावी, तर ओल आहे तोवर रंग पसरणार. पद्मजाताईंनी टीपकागद ओढला, न घासता नुसता टेकवला, उचलला, दुसरा टेकवला. चौथ्या खेपेला रंग थांबला. पहिल्या ओळीतलं 'सगुणा, भात' एवढं वाचता येत होतं. त्यापुढे एक जांभळा ढग उरला होता.

सगुणाबाई खिडकीतून रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या ढगावर एखादं तिकीट आडवं चिकटवलं असतं तर सुनेलाही ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं असतं. एक उरलेलं तिकीट हाताशीच होतं. पद्मजाताईंनी ते उचललंही.

मग खाली ठेवलं.

"सगुणाबाई, माझ्याकडून एक चिठ्ठी खराब झाली."

सगुणाबाई वळल्या. पुठ्ठ्यावर वाकल्या.

"ही भाताची," त्या म्हणाल्या. "भात खाल्ला का इचारलं हुतं. म्या न्हाई म्हणून मान हलवली, तर ताट घिऊन आले."

"साधी पेन्सिल समजले मी. शिजवलेल्या खळीत पाणी असतंच, त्याने..."

"साधी कुठली? हे मार्केटात वजनकाटा बगायचे, तिथली पोत्यावर आकडं टाकायची पेन्सिल ती. पोत्यावर थुकी लावून लिवायची, चिठ्ठीवर कोरडीच. सांजच्याला घरी येत तवा जीभ जांभळी!" त्यांचा आवाज चढला. "तिकिटांना चार येळा कापूस लावून बगितला तुमी. मला एकदा इचारायचं हुतं की. म्या काय नुसती बसाया आले व्हय हितं?"

पद्मजाताईंना मान वर करवेना. "नाही विचारलं. चुकलंच माझं."

सगुणाबाईंनी उरलेल्या सहा चिठ्ठ्या भराभर गोळा केल्या आणि पदराखाली धरल्या. रस्त्यावर गोरखच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. दोघीही हलल्या नाहीत.

"चिकटवल्याशिवायही बसवता येतात," पद्मजाताई हळू म्हणाल्या. "जुन्या अल्बममध्ये फोटोला असतात तसे कागदाचे चार कोपरे करायचे. खळ लागते ती कोपऱ्यांना. कोपरे पुरते वाळले की चिठ्ठी नुसती आत सरकवायची. तिला पाण्याचा थेंब लागत नाही."

"आन पडली तर?"

"तर मी खोटी."

"तुमी खोट्या ठरून मला काय मिळंल?"

पद्मजाताईंनी कोऱ्या कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, दुमडल्या, कडेला खळीच्या ब्रशचं टोक लावलं आणि पुठ्ठ्यावर दाबल्या. पंखा वाढवला. सगुणाबाई खुर्चीतून उठल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर स्वतःचं बोट टेकवून ओल लागते का ते बघत राहिल्या. दोनदा त्यांनी मान हलवली, न्हाई अजून.

गोरख दारात आला. "झालं का न्हाई आये?"

"गप उभा राहा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला बोट कोरडं आलं. त्यांनी पदराखालून एकच चिठ्ठी काढली आणि पद्मजाताईंच्या हातात न देता स्वतःच एकेक कोपरा धरून आत सरकवली. मग पुठ्ठा उभा करून हलवून बघितला.

"चार कोपरं आनकी करा," त्या म्हणाल्या. उरलेल्या पाच चिठ्ठ्या अजून पदराखालीच होत्या.